'बरोइंग टोड'ला मराठीत काय म्हणावं?

अंधेरीकर: एका निसर्गपटाचं मराठी निवेदन लिहितोय. प्राणी आहे मेक्सिकोकडचा 'बरोइंग टोड', शास्त्रीय नाव ऱ्हायनोफ्रायनस डॉर्सॅलिस. मी 'बिलवासी भेक' लिहून दिलं. आवाज देणाऱ्या ताई दोनदा अडखळल्या आणि म्हणाल्या, "बिल भरायचंय का कुणाचं?" ऐकताक्षणी कळेल असा शब्द हवाय.

मुलुंडची: ताईंचं बरोबर आहे. पण मला 'बीळ'च खटकतं. उंदराचं बीळ, खेकड्याचं बीळ म्हटलं की त्याला तोंड आलं, आत जायची वाट आली, रोजची ये-जा आली. या प्राण्याला यातलं काहीच नाही. मागच्या पायांच्या तळव्याला फावड्यासारखे कठीण उंचवटे असतात. त्यांनी माती उकरत तो बूड आधी घालून खाली सरकतो आणि वरची माती डोक्यावर ढासळते. वाट उरतच नाही. 'पुरून घेणारा' म्हणावं तर मढं आठवतं, म्हणून मी 'गाडून घेणारा' म्हणेन. कामात गाडून घेतात, तसा हा मातीत.

बोरिवलीचे मास्तर: आणि 'भेक' काढाच. संस्कृतात भेक, मंडूक, दर्दुर हे सगळे बेडूकच. इंग्रजीत फ्रॉग आणि टोड दोन, मग आपल्याकडेही दोन हवेत, म्हणून पाठ्यपुस्तकांनी टोडसाठी भेक नेमला. खरबरीत, चामखिळी अंगाच्या जमिनीवरच्या बेडकाला तो शोभतो. पण तुमच्या मेक्सिकोकराचं अंग गुळगुळीत नि सैल, पाठीवर नारिंगी-लाल पट्टा. खऱ्या भेकांच्या कुळातला तर तो नाहीच. त्याच्या कुळात आज ही एकच जात जिवंत आहे. इंग्रजांनी टोड म्हटलं म्हणून आपण का ओझं वाहायचं? बेडूक म्हणा.

अंधेरीकर: मास्तर, पटलं. आता 'एस्टिव्हेशन'ला, म्हणजे कोरड्या दिवसांत निपचित पडून राहण्याला, काय? कोशात 'ग्रीष्मनिष्क्रियता' सापडलं. उच्चारून बघा एकदा.

मास्तर: ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकसूक्त आहे (7.103). पहिलीच ओळ 'संवत्सरं शशयाना', म्हणजे वर्षभर पडून राहिलेले. पुढच्या ऋचेत कोरड्या तळ्यात पडलेल्या बेडकाला 'दृतिं न शुष्कम्' म्हटलंय, वाळलेल्या पखालीसारखा. त्याच्यावर पाऊस पडतो आणि सगळे ओरडायला लागतात. तेव्हा 'कोरडे दिवस मातीत पडून राहतो' एवढं सरळ लिहा.

मुलुंडची: दूर जायलाच नको. केरळच्या सह्याद्रीत 2003 साली नोंदवलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, असाच वाळवी खात जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडाला जेमतेम दोन आठवडे वर येतो. मल्याळममध्ये त्याला 'पाताळ तवळ', म्हणजे पाताळातला बेडूक म्हणतात. महाबळी बेडूक हेही नाव आहे, कारण वर्षातून एकदा पाताळातून वर येणारा बळीराजा! 'इडा पिडा टळो' म्हणणाऱ्यांना हे समजवायला नको. पण ते नाव त्याचंच राहू द्यावं. मेक्सिकोकराला चिकटवलं तर गोंधळ होईल. तो वेगळ्या कुळातला, जीभ पुढे काढून वाळवी-मुंग्या टिपणारा.

आरेवाला: महाराष्ट्रातही गाडून घेणारे आहेतच. स्फेरोथेका पश्चिमा ही जात 2017 साली इथूनच नोंदली गेली. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवल्यावर त्यांनी कुठे गाडून घ्यायचं, ही चर्चा निराळी.

अंधेरीकर: 'मातीत गाडून घेणारा बेडूक' पक्कं केलं. शेवटचं अडलंय 'टॅडपोल'. भैकेर?

मास्तर: परीक्षेत लिहा, निवेदनात नको. 'बेडकाची पिल्लं' म्हणा, चित्रात शेपटी दिसतेच. मात्र 'पिल्लं पाणवनस्पती कुरतडतात' असं सवयीनं लिहू नका. जोराचा पाऊस झाला की या जातीचे नर पाण्यावर फुगून तरंगत ओरडतात, मादी हजारो अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या पिल्लांना कुरतडायला कठीण चोचच नसते. तोंडाभोवती मिशा असतात. पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खात ती थव्यानं पोहतात.

मुलुंडची: 'थव्यानं' पक्ष्यांसाठी, मास्तर. पिल्लं 'झुंडीनं' पोहतात.

मास्तर: मान्य.