चार कोटी अंकांची मूळ संख्या: गणित की नुसता विक्रम?

त्रैराशिक (धागाकर्ता): २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. माझा आक्षेप असा, की मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडनेच सिद्ध केलेले असताना आणखी एक मोठी सापडल्याने गणितात भर पडत नाही. तिच्यापासून एक सम परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या) मिळते, द्विमान पद्धतीत ती केवळ १ या अंकाने लिहिता येते. पण हे गुणधर्म प्रत्येक मर्सेन मूळ संख्येचे, म्हणजे '२ चा घात उणे १' या रूपातील मूळ संख्येचे आहेत, खास हिचे नव्हेत. सांकेतिकीकरणासाठी म्हणावे, तर तिथे काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात.

शेषराव: असहमत. एवढ्याच आकाराची कोणतीही विषम संख्या उचलली, तर ती मूळ आहे हे आज व्यवहारात सिद्ध करता येणार नाही. हिच्याबाबत ते करता येते, कारण ल्यूका-लेमर कसोटी याच रूपासाठी आहे. ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात उणे १ साठी, ४, १४, ८, ० अशी साखळी मिळते. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी अशा साडेतेरा कोटींहून अधिक पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. हा गुणाकार वेगाने करण्याच्या पद्धतींना आपण गणित म्हणणार नाही का?

त्रैराशिक: म्हणेन, पण श्रेय पद्धतीला देईन, संख्येला नाही. कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळतेची बहुपदी वेळेत चालणारी, म्हणजे अंकसंख्येच्या ठरावीक घाताच्या मर्यादेतील पायऱ्यांत संपणारी कसोटी दिली. तिने एकही विक्रम केला नाही, तरीही गणित म्हणून तिचे मोल कितीतरी अधिक आहे.

ऋण एक: दोघेही एका संख्येपाशी अडून बसला आहात. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. लेन्स्ट्रा, पोमेरन्स आणि वॅगस्टाफ यांच्या अटकळीनुसार लागोपाठच्या घातांकांचे गुणोत्तर सरासरी सुमारे १.४८ असावे. २०१८ मध्ये सापडलेल्या संख्येचा घातांक ८,२५,८९,९३३ होता, म्हणजे या वेळी गुणोत्तर १.६५ आले. अशी अटकळ पडताळायला प्रत्यक्ष सापडलेल्या संख्यांखेरीज दुसरे साधन कोणते?

त्रैराशिक: मुद्दा वजनदार आहे, परंतु त्या दोन घातांकांच्या दरम्यानचे सर्व घातांक पूर्णपणे तपासून झाल्याशिवाय त्यांना लागोपाठचे म्हणता येत नाही. तोवर हे १.६५ गुणोत्तर पुरावा म्हणून मी धरणार नाही.

शेषराव: मग ते मधले घातांक तपासण्याचे काम तरी गणिताचे आहे, एवढे आपण मान्य करावे.