टोकियोचं टीमलॅब: साडी, गुडघे आणि मासे

जोशी (बी ४०२): नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये जपानला निघालोय. टोकियोत अर्धा दिवस मोकळा आहे आणि नातीने टीमलॅबचा, म्हणजे प्रकाशाच्या हलत्या चित्रांच्या म्युझियमचा, हट्ट धरलाय. तिथे प्लॅनेट्स आणि बॉर्डरलेस अशी दोन दिसतायत. कुणी गेलंय का? आई बरोबर आहे, वय ७४.

मृण्मयी (ए १०१): काका, ताई टोकियोत निशी-कासाईला राहते ना, तिच्याकडे गेले तेव्हा दोन्ही पाहिली. आधी सांगा, आजींचे गुडघे कसे आहेत?

जोशी (बी ४०२): सपाट रस्त्यावर चालते. चढ-उतार नको म्हणते.

मृण्मयी (ए १०१): मग प्लॅनेट्स राहू दे. टोयोसूला आहे ते. चपला-मोजे लॉकरमध्ये ठेवून अनवाणी जायचं. सुरुवातीलाच अंधारात ओला चढ, समोरून पाणी वाहत येतं. मग एक खोली, तिची जमीनच गादीसारखी. पाय रुततो, तोल जातो, मी तर अक्षरशः रांगले. पुढे गुडघाभर पाणी 😅

शिंदे काकू (सी ३०३): अगं बाई! आणि साडीचं काय?

मृण्मयी (ए १०१): साडी नकोच काकू, काही खोल्यांत पायाखाली आरसे आहेत. वर दुमडता येईल अशी ढगळ पँट बरी. नसेल तर तिथे हाफ पँट मिळते वापरायला.

देशपांडे (ए ५०४): पैसे देऊन पाण्यात उभं राहायचं? २०२३ ला मुंबईत ते व्हॅन गॉग ३६० पाहिलं. भिंतभर चित्रं हलतायत आणि पब्लिक सेल्फी काढतंय. चित्र कॅनव्हासवर बघावं.

रोहन (सी १०२): काका, ते वेगळं. तिथे कॅनव्हासवरची चित्रं मोठी करून भिंतीवर टाकली होती. इथे तयार फिल्म नाहीच, प्रोग्रॅम त्याच क्षणी चित्र काढत असतो. पाण्यावर प्रकाशाने काढलेले कोई (जपानी रंगीत मासे) माणसाला धडकले की त्यांची फुलं होतात, आणि कुठली फुलं ते ऋतूप्रमाणे बदलतं. माणसं हलली की चित्रही बदलतं. तुम्ही पाहिलेलं दृश्य मागून येणाऱ्याला दिसणार नाही.

देशपांडे (ए ५०४): चित्रकार कोण पण?

रोहन (सी १०२): एक नाही. टीमलॅब हा २००१ पासूनचा गट आहे. कलाकार, प्रोग्रॅमर, इंजिनिअर, गणितवाले, आर्किटेक्ट. आणि प्लॅनेट्सला एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात २५ लाखांवर लोक आले, गिनीजमध्ये नोंद आहे.

देशपांडे (ए ५०४): गर्दी दगडूशेठलाही असते.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई, १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

मृण्मयी (ए १०१): देशपांडे काका, प्लॅनेट्समध्ये एक खोली तुमच्यासाठी आहे. वरून टांगलेले १३ हजारांवर ऑर्किड. जवळ गेलं की वर सरकतात, आपण पुढे गेलो की मागे परत खाली येतात.

देशपांडे (ए ५०४): प्लास्टिकचे?

मृण्मयी (ए १०१): जिवंत!

देशपांडे (ए ५०४): हं. आमच्या बाल्कनीत दोन जगत नाहीत. हे बघायला हवं.

जोशी (बी ४०२): आणि बॉर्डरलेस? ते बंद झालं म्हणे.

मृण्मयी (ए १०१): ओदाइबाचं २०२२ ला बंद झालं. जुने व्हिडिओ बघून तिकडे जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ पासून आझाबुदाई हिल्सला आहे, कामियाचो स्टेशन. तिथे चपला पायातच, पाण्यात उतरायचं नाही. पण अंधार आहे आणि नकाशा देत नाहीत. चित्रंच एका खोलीतून दुसरीत जातात, तेव्हा आजींचा हात सोडू नका. नातीने मासा रंगवला की स्कॅन करून भिंतीवर पोहायला सोडतात. आणि आजींना चहाघरात बसवा. कपातल्या चहावर फूल उमलतं, कप उचलला की पाकळ्या विखुरतात.

शिंदे काकू (सी ३०३): चहा तिकिटात धरलाय का गं?

मृण्मयी (ए १०१): नाही काकू, वेगळे पैसे.

जोशी (बी ४०२): मग ठरलं. सूनबाई आणि नात प्लॅनेट्सला, मी आणि आई बॉर्डरलेसला.

मृण्मयी (ए १०१): अहो काका, मासा रंगवायचं बॉर्डरलेसला आहे! नातीला विचारा आधी.

जोशी (बी ४०२): विचारलं. दोन्हीकडे जायचंय म्हणते.

रोहन (सी १०२): मग दिवस वाढवा 😂 वेळेचा स्लॉट धरून तिकीट मिळतं आणि दर दिवसागणिक बदलतो. एप्रिल म्हणजे साकुराची (चेरीच्या फुलांची) गर्दी, आत्ताच काढून ठेवा.

जोशी (बी ४०२): कार्ड चालत नाहीये साइटवर. रोहन, संध्याकाळी वर येतोस का?