ग्राफच्या आडव्या अक्षावर 'तो वेळ' की 'ती वेळ'?

जळगावहून –
मंडळी, शब्दाचा एक घोळ आहे आणि त्याच्या आड एक्सेलचा पण आहे, दोन्ही इथंच मांडतो. भाचा ॲग्रीला आहे, त्याच्या प्रोजेक्टसाठी मृगबागेतल्या (जूनच्या सुमारास लावलेल्या) केळीतलं तापमान आणि मोटरीची लाईट कधी आली-गेली याची नोंद वहीत ठेवली होती, ती आता कॉम्प्युटरवर चढवलीय. उभ्या अक्षावर तापमान, आडव्यावर वेळ. तर आडव्या अक्षाखाली लिहायचं काय? एक जण म्हणतो 'काल', दुसरा म्हणतो 'समय'. मला 'वेळ'च बरा वाटतो, पण मग बरा की बरी? आपण 'माझा वेळ गेला' म्हणतो आणि 'गाडीची वेळ झाली' पण म्हणतो. आणि दुसरं, ग्राफ पण वेडावाकडा येतोय, पाव-पाव तासाची टिंबं जवळजवळ आणि पावणेसातनंतर सातपर्यंत एकदम मोठी फट, असं का होतं?

भुसावळहून –
फट का पडते ते आधी सांगतो, लिंगाचं बाकीचे बघतील. पोराने ६.३०, ६.४५ असं टिंब देऊन टाकलंय ना? आपल्याकडे सगळे तसंच लिहितात, लग्नपत्रिकेत पण तसंच, पण एक्सेल त्याला वेळ समजत नाही, साधा दशांश समजतं. मग ६.१५ ते ६.३० अंतर ०.१५ आणि ६.४५ ते ७.०० अंतर ०.५५, फट पडणारच. त्यात काही जण काय करतात, नुसता फॉरमॅट बदलून वेळेचा करतात, मग ६.३० चे ७:१२ दिसतात आणि माणूस डोकं धरून बसतो. कारण त्याच्या लेखी ते सहा दिवस पूर्ण आणि वर ०.३ दिवस, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. सगळं परत टाईप करायची गरज नाही, टिंबाच्या आधीचे तास भागिले २४, टिंबानंतरची मिनिटं भागिले १४४०, दोघांची बेरीज दुसऱ्या कॉलममध्ये घ्या. फक्त संध्याकाळच्या नोंदी ६.३० लिहिल्या असतील तर आधी १८.३० करा. आणि चार्ट लाईनचा नको, स्कॅटरचा घ्या. लाईन चार्ट वेळेला नुसतं नाव धरतो, दोन नोंदींत पाच मिनिटं असोत का पाच तास, अंतर सारखंच ठेवतो.

यावलहून –
तो की ती याला मराठीत चांगला नियम आहे, आपण बोलताना चुकत नाही, फक्त लक्षात येत नाही. घड्याळातला ठरावीक क्षण असला की ती वेळ. लाईटीची वेळ, औषधाची वेळ, अनेकवचन पण होतं, एसटीच्या वेळा. किती गेला, किती लागला असं मोजायचं असलं की तो वेळ, त्याला अनेकवचनच नाही. लाईट किती वाजता आली ही वेळ, आणि किती तास टिकली तो वेळ. गंमत म्हणजे एक्सेलला हा फरक कळत नाही. त्याच्याकडे अख्खा दिवस म्हणजे १, त्यामुळे सकाळचे सहा पण ०.२५ आणि सहा तास पण ०.२५. त्यामुळे अक्षाखाली नुसतं 'वेळ' लिहून भागणार नाही. तापमानाच्या ग्राफला 'दिवसातली वेळ' लिहा, मोटर चालल्याच्या ग्राफला 'गेलेला वेळ, तासांत'. 'काल' नका लिहू, आपल्याकडे वाचणारा आधी 'काल-परवा'च वाचेल. 'समय' वाईट नाही, पण वावरात कोणी बोलत नाही.

धुळ्याहून –
काय सांगस भाऊ, आम्हना वावरमा लाईट रातलेच येस! शेतीची लाईट आलटून-पालटून दिवसा नि रात्री, त्यामुळे माझ्या नोंदी रात्री ११:३० ला सुरू होऊन पहाटेपर्यंत जातात आणि बारा वाजले की ग्राफची रेघ उजव्या टोकावरून सरळ डाव्या टोकाला उडी मारते, मधे आडवा पट्टा. याचं काय करायचं?

भुसावळहून –
मध्यरात्रीनंतर आकडा परत शून्याला येतो म्हणून ते होतं. वेळेसोबत तारीख पण ठेवा, किंवा बारानंतरच्या नोंदीत १ मिळवा, आणि फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराला चौकटी कंस लावा, [h]:mm असं, म्हणजे २५:३० असं पुढे चालू राहील. अक्षावर दर तीन तासांनी आकडा हवा तर मेजर युनिट ०.१२५ टाका. म्हणजे सरळ एक प्रहर झाला, दिवसाचे आठ.

यावलहून –
तारखेचं नीट बघा पण. आपण 'बुधवारी रात्री दीड वाजता लाईट आली' म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर गुरुवार लागलेला असतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यात पण बहुतेकांचा तसाच. वहीत 'बुध रात्री १.३०' असेल आणि पोराने बुधवारचीच तारीख टाकली तर ती नोंद अख्खा एक दिवस मागे जाईल, आणि तापमान रात्रीचंच असल्यामुळे ग्राफ बघून कोणाला शंका पण येणार नाही.

नंदुरबारहून –
शब्दावरून आठवलं म्हणून, 'भर दुपारी बारा' ही वेळ पण आपल्याकडे खरी नाही. घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाचं, नंदुरबार साधारण ७४.२५ वर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य सरासरी साडेबाराच्या पुढेच डोक्यावर येतो. जळगावला पण २८ मिनिटांच्या आसपास उशीर. वर्षभर तो सारखा राहत नाही, फेब्रुवारीच्या मध्यात आणखी चौदा मिनिटं वाढतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं कमी होतो. तापमानाचा ग्राफ आहे तर मध्यान्हाची रेघ ०.५ वर न मारता जळगावसाठी ०.५२ च्या जवळ मारा.

जळगावहून –
भारी. टिंबाचंच झालं होतं, पोरगं आता कोलन देऊन बसलंय. 'दिवसातली वेळ' पक्कं. बुधवार-गुरुवारचं त्याला विचारलं तर म्हणतो वहीत नुसतं 'रात्री' लिहिलंय, वार लिहिलाच नाही, आता लाईटीच्या वेळापत्रकाचा फोटो कोणाच्या ग्रुपवर सापडतो का बघतो.