कॅपची (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतली) सीट सोडून संस्था स्तरावर प्रवेश घेतला तर मुलीला फीमाफी मिळते का?

तीन एकर (मोहोळ)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

थोरली मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीला ८४ पर्सेंटाइल. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरताना तिने सगळीकडे कॉम्प्युटरच टाकलं होतं. तिच्या मामाने शेजारी बसून खाली दहा-बारा सिव्हिल आणि मेकॅनिकल घालायला लावले म्हणून शेवटच्या फेरीत काहीतरी लागलं तरी. सिव्हिल, साताऱ्याकडचं कॉलेज. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

काल सोलापूरजवळच्या एका कॉलेजातून फोन आला. नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. म्हणाले, कॉम्प्युटरच्या जागा शिल्लक आहेत, संस्था स्तरावर, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांबाहेर आमचे आम्हीच देतो, फी तेवढीच, आणि मुलींना सरकारने १०० टक्के फी माफ केलीय, तुम्ही फक्त डेव्हलपमेंट फी आणि डिपॉझिट भरा. मी म्हटलं हे लिहून द्याल का? तर म्हणाले, "अहो, आमच्याकडे सगळ्या मुलींचं होतं."

आम्ही ओबीसी. नॉन-क्रीमीलेयरचा दाखला आहे, जातीची व्हॅलिडिटी आहे. तीन एकर रान, चार म्हशी. उत्पन्नाचा दाखला १ लाख ४० हजारांचा. साताऱ्याला ठेवायची म्हणजे हॉस्टेल आलं, इकडे एसटीने रोज जाऊन-येऊन होईल. कॉम्प्युटर तिच्या मनातलं आहे आणि घराजवळ आहे, म्हणून मन तिकडेच ओढतंय. सीट ॲक्सेप्टन्सचे हजार रुपये भरलेत, पण कॉलेजात अजून रिपोर्ट केलेलं नाही. त्याची शेवटची तारीख परवा आहे.

फीमाफी खरंच होते का एवढंच सांगा. नाही झाली तर चार वर्षांची फी माझ्याच्यानं निघणार नाही, मग रान विकायचीच पाळी.

पॅसेंजर_२२

काका बिनधास्त घ्या. माझ्या बहिणीची पूर्ण फी माफ झालीय, तीसुद्धा खासगी कॉलेजात आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलं की झालं. सिव्हिल कशाला घेताय आजकाल.

खिडकी क्रमांक ३

थांबा. पॅसेंजर, तुमच्या बहिणीचा प्रवेश कॅपमधून झालाय की नाही ते आधी घरी विचारा, मग बिनधास्त म्हणा.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसतो. महाईस्कॉल हे शिष्यवृत्तीचं जुनं पोर्टल होतं तेव्हापासून. २०१७ला महाडीबीटी हे नवं पोर्टल आलं आणि पहिल्याच वर्षी बसलं, तेव्हा तेच अर्ज पुन्हा कागदावर घेतले, ते गठ्ठे मी स्वतः बांधलेत. त्यामुळे थोडं लांबण लावून सांगतो, रागावू नका.

८ जुलै २०२४चा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आहे, उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आधी ५० टक्के मिळायचं, ते २०२४-२५पासून १०० टक्के केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. इथवर सगळ्यांना पाठ असतं, कारण पेपरात इथवरच छापून आलं. पण जीआरचा सगळा जीव "वगळून" या शब्दात असतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला प्रवेश हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरील प्रवेश वगळून. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळून.

तुम्हाला फोनवर जे देतायत ते नेमकं या वगळलेल्यात बसतं. सीट तीच, वर्ग तोच, बाकडंही तेच. दार वेगळं. आणि सरकार दार बघतं.

गेल्या वर्षी माझ्या खिडकीवर एक मुलगी आली होती. वडील ट्रकवर. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं, "मुलींना मोफत उच्च शिक्षण" अशी बातमी, घड्या पडून पडून मधे फाटलेली. तिचा प्रवेश फेऱ्या संपल्यावरचा, संस्था स्तरावरचा. घेताना तिलाही कुणीतरी "होतं सगळ्यांचं" म्हणालं होतं. पोर्टलवर अर्ज भरताना प्रवेशाचा प्रकार विचारतात. कॅप म्हटलं की कॅप आयडी मागतात. तिच्याकडे आयडी होता, कारण फेऱ्यांत ती होतीच, पण त्या कॉलेजाचं अलॉटमेंट नव्हतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने कॅप निवडून अर्ज पाठवला होता. तो आमच्या छाननीतच अडकला. आमच्याकडून सुटला असता तर पुढे विभागाच्या छाननीत अडकला असता, आणि तोवर दुसरं सेमिस्टर उजाडलं असतं. "सर, बातमीत तर असं काही नाही," एवढंच म्हणाली. खरं होतं तिचं. बातमीत नव्हतंच.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. सिव्हिलचा प्रवेश पात्र, कॉम्प्युटरचा अपात्र. उत्पन्न १ लाख ४० हजार असो की १४ हजार, फरक पडत नाही.

दुसरं, "१०० टक्के" म्हणजे पावतीवरची शेवटची बेरीज नव्हे. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, बस. विकास शुल्क, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस तुमच्या खिशातून. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्यात शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती हे वेगवेगळं दिलेलं असतं. प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेज शोधा आणि तो आकडा पावतीशी ताडून बघा. पावतीवर "इतर" नावाचा रकाना मोठा दिसला तर तिथेच उभं राहून विचारायचं, घरी येऊन नाही.

गुरुजींची लेक

खिडकीवाले सर बरोबर सांगतायत. उत्पन्नाचीही एक गंमत सांगते, आमच्या घरात घडलेली.

बाबा जिल्हा परिषद शाळेत. आमच्याकडे नॉन-क्रीमीलेयर होतं, म्हणून मी धरून चालले की ८ लाखांच्या आत आहोत, म्हणजे फीमाफी नक्की. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हातात आला तर त्यावर ८ लाख ९० हजार. मी सेतूवाल्याशी भांडले, म्हटलं चुकलाय. चुकला नव्हता. नॉन-क्रीमीलेयर काढताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. शिष्यवृत्तीच्या दाखल्यात दोन्ही मोजतात, आई-बाबा दोघांचं मिळून. आकडा तोच, ८ लाख, पण मोजणाऱ्याची फूटपट्टी वेगळी. आरक्षण मिळालं, फीमाफी नाही.

काका, तुम्हाला हा प्रश्न नाही. पण नोकरदार घरातलं कुणी वाचत असेल तर ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी उत्पन्नाचा दाखला काढून बघा. नंतर कळण्यात काही अर्थ नसतो.

पॅसेंजर_२२

विचारलं. बहिणीचं कॅपमधूनच आहे, दुसऱ्या फेरीतलं. सॉरी काका. मला वाटलं सगळं सारखंच असतं.

पण टीएफडब्ल्यूएस म्हणून एक असतं ना? त्यात तर सरकारचा संबंधच नाही म्हणतात.

खिडकी क्रमांक ३

असतं. शिक्षण शुल्क माफीच्या जादा जागा, मंजूर संख्येच्या ५ टक्के, उत्पन्न ८ लाखांच्या आत. ते पैसे सरकार देत नाही, कॉलेजच सोडतं, म्हणून तिथे हप्त्याची वाट बघावी लागत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये कोडच्या शेवटी इंग्रजी टी असतो तो त्याचाच. पण त्याही कॅपमधूनच भरतात, आणि कॉम्प्युटरला कटऑफ असा चढतो की खुल्या जागेपेक्षा अवघड. आता फेऱ्या संपल्यावर त्याचा उपयोग नाही. पुढच्या वर्षी धाकटं कुणी असेल तर लक्षात ठेवा.

तीन एकर (मोहोळ)

सर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं. सकाळी त्या कॉलेजला फोन लावला. म्हटलं लेटरहेडवर एकच ओळ द्या, की या प्रवेशाला शासनाची फीमाफी लागू आहे. त्यावर सर बाहेर गेलेत म्हणाले. दुपारी पुन्हा केला, तेव्हाही सर बाहेरच.

मुलीला सगळं वाचून दाखवलं. तिने "वगळून" दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःच म्हणाली, साताऱ्याला जाऊ. पण एक शंका तिचीच आहे: तिथे गेल्यावर आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असं म्हणाले तर? गावातल्या एका पोराला असंच झालं होतं.

आणि हॉस्टेलसाठी काही मिळतं का?

खिडकी क्रमांक ३

कॅपच्या पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आधी घ्यायचं नाही, असं शासनाचं सांगणं आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी हमीपत्र घेतात, काही ठिकाणी पुढच्या तारखेचा चेक मागतात. हमीपत्र द्या, नीट वाचून. चेक देऊ नका. ऐकलंच नाही तर तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार करता येते, आणि तुम्ही ती करणार आहात हे नुसतं सांगितलं तरी बऱ्याचदा आवाज खाली येतो. मी खिडकीच्या आतल्या बाजूने हे सांगतोय, समजून घ्या.

कॉलेजांची बाजूही थोडी सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. पैसे वर्ष संपलं तरी पुरते येत नाहीत. पोर्टल एक असलं तरी तिजोऱ्या वेगळ्या. तुमच्या मुलीचे पैसे इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडून यायचे, तिच्या शेजारी बसणाऱ्या ईडब्ल्यूएसच्या मुलीचे तंत्रशिक्षणकडून, अनुसूचित जातीच्या मुलीचे समाजकल्याणकडून, आणि तिथे २०२१पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थिनीच्या खात्यात जातो. तिघींनी एकाच दिवशी अर्ज केला तरी ज्या विभागाची तरतूद आधी आली तिचा हप्ता आधी. मग दोघी माझ्याकडे येऊन विचारतात, तिचे आले, आमचे कुठे अडवलेत? मी काय अडवणार, माझ्याकडे शिक्का आहे, तिजोरी नाही.

हॉस्टेलचं: ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात. उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार, म्हणजे तुम्ही बसता. विद्यार्थी कॉलेजच्याच गावचा नसावा, तेही जमतं. पण जिल्ह्याला ठरावीकच विद्यार्थी घेतात, गुणवत्तेवर, त्यामुळे मिळालेच असं धरून मेसचा हिशोब करू नका. अर्ज मात्र पहिल्याच आठवड्यात टाका.

आणि आधारला कोणतं खातं जोडलंय ते आजच बघा. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग दिसतं. मुलीने सिम घेताना दुकानदाराने एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल आणि आधार त्यालाच चिकटलं असेल तर पैसे तिकडे जातील. फॉर्मवर तुम्ही कोणतं पासबुक जोडलंय याला काही किंमत नाही. माझ्या खिडकीवरच्या दर दहा रडारडीतल्या चार याच असतात.

गुरुजींची लेक

अजून एक. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला नवा लागतो. एप्रिल उजाडला की तलाठ्याकडे जाऊन या, जुलैत सेतूसमोर रांग असते.

तीन एकर (मोहोळ)

तपासलं. आधार खरंच एका पेमेंट बँकेलाच जोडलेलं निघालं. तिला आठवतसुद्धा नाही कधी उघडलं ते. उद्या साताऱ्याहून आल्यावर जिल्हा बँकेत जाऊन बदलतो.

पहाटे पाचच्या गाडीने निघतोय. मामा पण येतोय, त्याचं म्हणणं सिव्हिलची कल्पना त्याची होती तर पोचवायचा मानही त्याचाच. मुलगी अजून फार बोलत नाही, पण संध्याकाळी सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स तिनेच काढून आणल्या.

एक राहिलं. बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला मी हौसेने लॅमिनेट करून आणलाय. चालतो का?

खिडकी क्रमांक ३

चालतो. कुरकुर करतील, शिक्का मारता येत नाही म्हणून. लॅमिनेशन सोलायला जाऊ नका, दाखला फाटेल. तसाच न्या.