पट्टा काढता येतो, म्हणून निर्धास्त राहावे का?

‘पट्टा केव्हाही काढता येतो, म्हणून जठर कापण्यापेक्षा तो बरा’ हे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांबद्दलचे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेला हा सिलिकॉनचा पट्टा त्वचेखालच्या पोर्टमधून (सुई टोचण्यासाठी बसवलेल्या छोट्या कप्प्यातून) सलाइन भरून वा काढून वेळोवेळी घट्ट-सैल करावा लागतो, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे सर्जनकडे खेटे घालणे आलेच. शिवाय तो सरकल्यामुळे किंवा जठराच्या भिंतीत रुतल्यामुळे अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आज स्लीव्ह शस्त्रक्रियेने (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी ठेवणारी शस्त्रक्रिया) त्याला बरेच मागे टाकले आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई व्यक्तींसाठी बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय खुला असला, तरी त्यावरून पट्टाच निवडावा असे ठरत नाही.