पंप प्रोटॉन बाहेर टाकतो, मग कार्बन डायऑक्साइड आत कसा येतो?

पाणशेवाळ:
बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात कारा या गोड्या पाण्यातल्या शेवाळाची एक लांब पेशी फिनॉल रेड (आम्लात पिवळा, अल्कात गुलाबी दिसणारा रंग) घातलेल्या अगरच्या जेलीत रोवून उजेडात ठेवली होती. थोड्या वेळाने पेशीच्या कडेकडेने पट्टे उमटले: पिवळा, गुलाबी, परत पिवळा. पेशी एकच, आणि पट्टे इतके स्पष्ट! मी बघतच राहिले. पुस्तक म्हणतं, पेशीपटलातल्या प्रोटॉन पंपामुळे कार्बन डायऑक्साइड मिळणं सोपं होतं. पण त्याच्यावर विद्युतभारच नसतो, तो पटलातून आपला आपण जातो. मग पंपाचं काम काय?

हिरवी पेशी:
तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. पंप कार्बन डायऑक्साइडला हातही लावत नाही. तो पेशीबाहेरचं पाणी बदलतो.

पाण्याचा पीएच ८.२ धरा. तिथे विरघळलेल्या अकार्बनी कार्बनपैकी जवळजवळ ९८ टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. बायकार्बोनेटवर ऋणभार, त्यामुळे ते पटलातून सहज जात नाही. शिवाय रुबिस्कोला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडणाऱ्या विकराला, ते चालत नाही, त्याला कार्बन डायऑक्साइडच लागतो. त्यात हा वायू हवेपेक्षा पाण्यात साधारण दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे पेशी कार्बनमध्ये बुडालेली, तरी उपाशी.

आता तुमचा पिवळा पट्टा. तिथले पंप एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) एक प्रोटॉन बाहेर टाकतात. पेशीभित्तीलगतचा पीएच समजा ५.४ वर आला. बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचं पारडं सुमारे ६.३५ ला समसमान असतं, म्हणून ५.४ ला नव्वद टक्के कार्बन डायऑक्साइड होतो. तो पेशीच्या अगदी दाराशीच तयार होतो आणि आत शिरतो. प्रोटॉन गेल्यामुळे आत जो अल्कपणा साचतो, त्याला गुलाबी पट्ट्यातून वाट मिळते.

मला हे फार सुंदर वाटतं. कामाची वाटणी करायला दोन पेशीही लागत नाहीत.

दोन थेंब:
एक पुरवणी. १९८५ मध्ये प्राइस आणि बॅजर यांनी कारावरच दाखवलं की पाण्यात बफर (पीएच सहज बदलू न देणारा पदार्थ) घातला की बायकार्बोनेटचा वापर घटतो. बफर पटलालगतचं आम्ल पुसून टाकतो, त्यामुळे वरच्या उत्तराला बळ मिळतं. पण बायकार्बोनेट प्रोटॉनच्या जोडीने थेट आत नेलं जातं, असंही मत मांडलं गेलं आहे. तेव्हा ‘फक्त बाहेरचं आम्लच’ असं ठामपणे लिहू नका.

हिरवी पेशी:
मान्य, मी तो भाग वगळला होता. जमिनीवरच्या झाडांतही हाच पंप आहे, फक्त वाट वेगळी. निळा प्रकाश पडला की पानावरच्या छिद्राच्या, म्हणजे पर्णरंध्राच्या, कडेच्या रक्षक पेशींतले पंप सुरू होतात, पटलाची आतली बाजू आणखी ऋण होते, पोटॅशियम आत येतं, मागोमाग पाणी, आणि पर्णरंध्र उघडतं. फ्युसिकॉक्सिन हे बुरशीचं विष पंप बंदच होऊ देत नाही. रंध्रं उघडीच राहतात आणि झाड कोमेजतं. कार्बन डायऑक्साइडसाठी दार उघडायचं तर पाणी जाणारच.

पाणशेवाळ:
आता कळलं! माझी चूक अशी की मी फक्त पटल बघत होते, त्याला चिकटलेला पाण्याचा थर बघितलाच नाही. आज काराची एक जुनी फांदी हातात घेऊन नख फिरवलं. थोडा भाग गुळगुळीत, मग चुन्याचं खरखरीत पांढरं कडं, परत गुळगुळीत. गुलाबी पट्टे तिथेच असणार ना?

हिरवी पेशी:
हो. अल्कधर्मी जागीच कॅल्शियम कार्बोनेट बसतं.