मदत हवी आहे: कुत्र्याच्या डोळ्यावर ठिपका, नागपूरला न्यावं की थांबावं?

केळापूर तालुक्यातून लिहितोय. आमचा शेरू गावठी, सहा-सात वर्षांचा, रात्री वावरात राखणीला असतो. मागच्या बाजाराच्या दिवसापासून उजवा डोळा मिचकावतो, पाणी गळतं, उजेडात तोंड फिरवतो. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा निळसर-पांढरा ठिपका आहे. कुसळ गेलं की पऱ्हाटीची काडी लागली, कळत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक ड्रॉप दिले. पाणी कमी झालं, ठिपका तसाच.

घरचे म्हणतात, "काई होत नाई डोयाले, बसते आपोआप." मेडिकलवाला माणसांचे ड्रॉप द्यायला तयार आहे. नागपूर दीडशे किलोमीटर, गाडी भाड्याची, त्यात कापूस वेचणीला आलेला. तज्ज्ञाकडे न्यायलाच हवं, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
दादा, माणसांचे ड्रॉप टाकू नका. बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असेल तर ती खोल जाऊन डोळा फुटू शकतो. डॉक्टरांनी फ्लुरोसिनची (डोळ्याच्या तपासणीच्या रंगाची) पट्टी लावून पाहिली का? जखम असली की तिथे हिरवा रंग धरतो. वरवरची जखम साधारण आठवड्यात भरते. नाही भरली तर पापणीआड कुसळ अडकलेलं, डोळा कोरडा पडलेला, जंतू, काहीतरी मागे असतंच. मी असतो तर निघालो असतो.

प्रतिसाद २
सहमत. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या दोन्ही डोळ्यांत निळसर झाक येते, ती दुखत नाही आणि नजरही जात नाही. इथे एकच डोळा आहे आणि तो दुखतोय. डोळा लाल होऊन फुगला, ठिपक्यात खड्डा दिसला, आत रक्त उतरलं किंवा शेरू वस्तूंना धडकू लागला, तर वेचणी बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा. डोळा फुगणं काचबिंदूचंही (डोळ्यातला दाब वाढण्याचं) लक्षण असतं, आणि त्यात नजर एक-दोन दिवसांतही जाते. गोचीड असतील तर तेही सांगा, गोचीडतापातही डोळ्यात रक्त उतरतं.
नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. डोळे पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी फोनवर विचारा. जुनी चिठ्ठी आणि ड्रॉपची बाटली सोबत न्या.

धागाकर्ता
हिरवी पट्टी लावलेली आठवत नाही. सकाळी डॉक्टरांना विचारतो, गाडीवाल्यालाही सांगून ठेवलंय. शेरूला गाडी लागते, उपाशी न्यावं का?

प्रतिसाद २
हो. भूल द्यावी लागली तरी पोट रिकामं बरं. रात्रीनंतर खायला नको, पाणी चालेल. आणि पंजाने डोळा खाजवू देऊ नका, गळ्यात डोक्याभोवती येणारी शंकूसारखी कॉलर घालूनच न्या.